दोन बोटं मोकळीक

“पोहे नंतर,” बाबा म्हणाले. “आधी गाडी.”

परागच्या आईने मांडीवर रुमाल अंथरला होता. तो त्यांनी परत घडी करून पर्समध्ये ठेवला आणि माझ्या आईकडे बघितलं. आई पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मला बघायला तिसऱ्यांदा पाहुणे आले होते आणि तिसऱ्यांदा ती त्याच दारातून ट्रे परत घेऊन जाणार होती, त्यामुळे तिला वळायची सवय झाली होती.

“म्हणजे कुठे जायचंय का आपल्याला?” परागच्या आईने विचारलं.

“यवतेश्वरला जाऊन येऊ. देवदर्शन होईल,” बाबा म्हणाले. “पराग, गाडी येते ना तुम्हाला?”

“येते काका, थोडीफार,” पराग म्हणाला. हे वाक्य मीच त्याला दिलं होतं. ‘उत्तम येते’ म्हणणारा पहिला मुलगा आमच्या गेटच्या आतच नापास झाला होता.

बाबा भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर लोकांच्या बांधांची भांडणं मिटवून त्यांचा माणसांच्या बोलण्यावरचा विश्वास उडाला होता. मग त्यांनी गाडी घेतली. एक पुस्तिका वाचली, मग रविवारच्या पुरवणीतली कात्रणं, आणि निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी त्यांचा सिद्धांत तयार झाला. “माणसाचा स्वभाव तोंडातून कळत नाही,” ते म्हणायचे. “तोंड घरून तयार करून आणतात. डावा पाय कुणी तयार करून आणत नाही.”

डावा पाय क्लचवर ठेवून गाडी चालवणारा माणूस सतत अर्धवट असतो, असं त्यांचं मत होतं. धड जोडलेला नाही, धड सुटलेला नाही. असा माणूस क्लचप्लेट जाळतो, मग बायकोला जाळतो. पुण्याचा पहिला मुलगा याच कलमाखाली गेला. दुसरा, कोरेगावचा डॉक्टर, गाडी पुरती थांबायच्या आत रिव्हर्स टाकून मोकळा झाला. गिअरबॉक्समधून असा आवाज आला की समोरच्या जाधवकाकू गच्चीवर आल्या. बाबांनी त्याला पोहे दिले, लिंबू दिलं, गेटपर्यंत सोडायला गेले आणि संध्याकाळी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. गिअर जुळत नाही असं मध्यस्थाला सांगता येत नाही.

परागची गोष्ट वेगळी होती. म्हणजे बाबांच्या दृष्टीने नव्हती. बाबांना एवढंच माहीत होतं की परागच्या मावशीने स्थळ सुचवलंय आणि मुलगा मी नोकरी करते त्याच लोणच्याच्या कारखान्यात खरेदी विभागात आहे.

“ओळख आहे का गं?” त्यांनी विचारलं होतं.

“कँटीनमध्ये दिसतात कधीतरी,” मी म्हटलं होतं.

कँटीनमध्ये तो मला दोन वर्षं रोज दिसत होता, माझ्याच डब्यातली भाजी खाताना. शेवटच्या महिन्यात तर आम्ही कँटीनच्या टेबलाखाली क्लच शिकलो. पराग गाडी भावाच्या जीपवर शिकलेला, म्हणजे पाय जन्मजात क्लचवर. मी त्याच्या पायाखाली लोणच्याचा रिकामा डबा आडवा ठेवायचे आणि वर मिरचीचं तोंडी लावणं चाखत सांगायचे, “दाब. पूर्ण. सोड. आता पाय उचल.”

“कुठे ठेवू?”

“डावीकडे जमीन आहे तिथे.”

“वैजू, जमीन सगळीकडेच आहे.”

“चढावर थांबलास तर हँडब्रेक ओढायचा. अर्ध्या क्लचवर गाडी लोंबकळत ठेवायची नाही. हात गिअरच्या दांड्यावर ठेवून बसायचं नाही, आतला काटा घासतो. आणि पराग, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाबांशी वाद घालायचा नाही. ते म्हणाले चूक, तर चूक.”

“आणि नसली तर?”

“तरी हो म्हणायचं. त्यांना कबूल करणारी माणसं आवडतात. पूर्ण नोकरीत त्यांना तसा एकही माणूस भेटला नाही.”

त्याने हे सगळं मन लावून पाठ केलं. टेबलाखालचा डबा चेपला, त्याबद्दल स्टोअरवाल्याने आरडाओरडा केला, तेव्हाही पराग म्हणाला, “माझीच चूक आहे.” मला भरून आलं होतं.

तर त्या रविवारी आम्ही गाडीत बसलो. पराग चालवायला, शेजारी बाबा, मागे मधोमध मी, एका बाजूला माझी आई, दुसऱ्या बाजूला त्याची. गाडी सकाळीच धुतली होती. एरवी रविवारी बाबा बॉनेट उघडून दहाच्या पान्याने क्लचची केबल तपासायचे आणि मी आत बसून पेडल दाबायचे. त्यांना वाकून आत हात घालता येत नसे, म्हणून ते बाहेरून विचारायचे आणि मी आतून सांगायचे. “किती मोकळा जातो?” “दोन बोटं.” पेडल सुरुवातीला दोन बोटं नुसतं मोकळं जायला हवं, मग क्लच लागायला हवा, हा त्यांचा नियम. हजारो एकर साखळीने मोजलेला माणूस घरची गाडी माझ्या बोटांवर मोजायचा. पण त्या दिवशी मी साडीत होते आणि साडीवर ग्रीस चालत नाही, म्हणून त्यांनी सकाळी सगळं एकट्यानेच उरकलं होतं.

“निघू, काका?” परागने विचारलं.

“तुम्ही चालवताय. मला काय विचारता?” बाबा म्हणाले आणि खाली त्याच्या पायाकडे बघत बसले. घाटाची वळणं लागेपर्यंत त्यांनी रस्ता बघितला नाही.

परागने क्लच पूर्ण दाबला, पहिला टाकला, अलगद सोडला. गाडी हलली. पाय उचलला आणि डावीकडे ठेवला. दुसरा. पाय डावीकडे. तिसरा. पाय डावीकडे. राजवाड्याच्या चौकात गर्दीत थांबावं लागलं, तर पराग गाडी न्यूट्रल करून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला, शाळेतल्या प्रार्थनेसारखा. मला मागून दोन सीटांमधून त्याचा डावा पाय दिसत होता आणि वर फक्त कान. ते लाल झाले होते.

“नोकरी काय म्हणते?” बाबांनी विचारलं.

“बरी आहे, काका. सध्या कैरीचा सीझन आहे.”

“हं. गाडी कुठे शिकलात?”

“घरच्या घरीच.”

“घर चांगलं आहे,” बाबा म्हणाले.

आईने माझा हात दाबला. गेल्या दोन मुलांच्या वेळी बाबांनी गाडीत तोंडही उघडलं नव्हतं. परागच्या आईला यातलं काही कळत नव्हतं. त्या बिचाऱ्या मला विचारत होत्या, स्वयंपाकाची आवड आहे का. मी म्हटलं आहे. कारखान्यात तपासणीसाठी मी रोज चाळीस बरण्यांमधलं लोणचं चाखत होते, त्यामुळे मला कशाचीच चव लागत नव्हती, पण तो विषय नव्हता.

गाव मागे पडलं आणि घाट सुरू झाला. पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या वळणावर परागने दुसरा टाकला, पाय उचलून डावीकडे ठेवला, ॲक्सिलरेटर दिला. इंजिन ओरडलं. गाडी होती तेवढ्याच वेगात राहिली. त्याने अजून दिला. इंजिन अजून ओरडलं. गाडी मात्र आणखी हळू झाली, जणू ती दुसऱ्याच कुणाचं ऐकत होती.

मग वास आला.

“कुणाचं तरी दूध उतू गेलंय,” परागच्या आई म्हणाल्या. बाजूला दरी होती.

“थांबा,” बाबा म्हणाले.

परागने हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं. आम्ही खाली उतरलो. बॉनेटच्या खालून निळसर धूर येत होता. बाबा त्या धुराकडे बघत शांतपणे म्हणाले, “पाय कुठे होता?”

“बाजूला होता, काका.”

“मग प्लेट काय आपणहून जळते?”

 परागने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही नाही म्हणत होते, पण आधीचा महिनाभर मी त्याला बरोब्बर उलटं शिकवलं होतं. तेच त्याला आठवलं असणार.

“राहिला असेल, काका,” तो म्हणाला. “लक्षात आलं नसेल. माझीच चूक.”

“बाबा, त्यांचा पाय बाजूलाच होता,” मी म्हटलं. “मी बघत होते.”

बाबा माझ्याकडे वळले. “तू मुलाच्या पायाकडे बघत होतीस?”

“तुम्हीही बघत होतात.”

“मी बाप आहे.”

आईने मला दंडाला धरून मागे ओढलं. परागच्या आई मध्ये पडल्या, “अहो, जुनी गाडी आहे, होतं असं. एवढं काय त्यात?” हे वाक्य त्या बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, जसं ते पूर्वी बांध कोरणाऱ्या शेतकऱ्याकडे बघायचे.

गाडी वळवायला जागा नव्हती. पुढच्या वळणावर होती, पण गाडी चढ घेईना. मग बाबा चालवायला बसले, आम्ही तिघी बायका चालत निघालो आणि पराग मागून गाडी ढकलू लागला. बघायला आलेला मुलगा मुलीच्या बापाला घाटात ढकलतोय, असं दृश्य होतं. कासला निघालेली पोरं बाइकवरून हॉर्न वाजवत गेली. एक ओरडला, “दादा, लग्नाआधीच लागले कामाला!” परागच्या आईंची नवी चप्पल तिसऱ्या दगडावर तुटली. त्यांनी ती हातात घेतली. ती सगळा वेळ त्यांच्या हातातच होती, अगदी गाडी वळवून उतारावरून सावकाश आमच्या घरी परत येऊन पोहे खातानाही बशीशेजारी.

पोहे गार झाले होते. बाबा फार सौजन्याने वागले.

“लिंबू घ्या,” ते म्हणाले. “पराग, तुम्ही चूक कबूल केलीत, हे मला आवडलं. चारित्र्य चांगलं आहे.”

“थँक्यू, काका,” पराग म्हणाला. त्याला वाटलं तो पास झाला. त्याने माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी बशीत खोबरं शोधत बसले.

ते लोक गेले. बाबांनी चपला काढल्या, चष्मा पुसला, फोन जवळ ओढला आणि परागच्या मावशीला कळवलं की पत्रिका जुळत नाही.

“अहो, पत्रिका तर तुम्हीच जुळवून घेतली होतीत,” आई म्हणाली.

“ती वेगळी,” बाबा म्हणाले.

मी साडी सोडली नाही. सोडायची तर खोलीत जावं लागलं असतं, खोलीत गेले तर रडू आलं असतं, आणि त्या साडीला आईने इस्त्रीला फार वेळ घातला होता. म्हणून मी ओट्याशी उभी राहून बशा धूत होते. खिडकीतून अंगण दिसायचं. दुपारचं ऊन गाडीवर होतं. बाबा बाहेर आले. बॉनेट उघडलं, काही बघितलं. मग त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि एरवी जे त्यांना अजिबात जमत नसे ते केलं. गुडघे टेकून, कण्हत, आत हात घालून त्यांनी पेडल हाताने दाबलं. तसेच थोडा वेळ राहिले, अर्धे गाडीत, अर्धे बाहेर. मग उठून धोतराची धूळ झटकली आणि हाक मारली.

“वैजू. जरा पाय दे.”

मी गेले. पाय पेडलवर ठेवला. बॉनेट उघडं होतं, त्यामुळे बाबा दिसत नव्हते, नुसता आवाज येत होता.

“किती मोकळा जातो?”

मी दाबून बघितलं. पेडल पहिल्यापासूनच घट्ट होतं. मी परत बघितलं.

“शून्य,” मी म्हटलं.

 पलीकडे पाना फिरल्याचा आवाज.

“आता?”

“अर्धं बोट.”

“आता?”

“दीड. आता दोन.” मी पाय बाजूला ठेवला. “बाबा.”

“हं.”

“केबल पार ताणलेली होती.”

“हं.”

“म्हणजे पाय काढला तरी क्लच दाबलेलाच राहत होता. कुणीही चालवली असती तरी प्लेट जळाली असती.”

“सकाळी जरा जास्त ओढली गेली,” बॉनेट म्हणालं. “पाहुणा चालवणार म्हणून कडक ठेवली. तू नव्हतीस ना पायाला.”

“मग फोन करा.”

“कुणाला?”

“मावशीला. सांगा त्यांना.”

“काय सांगू? पत्रिका परत जुळली?”

“सांगा तुमची चूक झाली.”

 मला वाटलं ते विचार करतायत. मग कळलं, ते पाना पुसतायत.

“हे बघ, वैजू,” ते म्हणाले. “एकदा हद्दीचा दगड लावला की मी तो परत हलवत नाही. सगळ्या नोकरीत हलवला नाही. आपण नाही कळवलंय. आता मुलीकडच्यांनी परत हो म्हणायचं म्हणजे उद्या तुलाच तिथे खाली मान घालून राहावं लागेल. आणि दुसरं असं, की त्याचा पाय बाजूला होता ना?”

“होता.”

“मग तो राहिला असेल का म्हणाला? न केलेली चूक कबूल करतो. उद्या तुझ्यासाठी चारचौघांत काय उभा राहणार हा माणूस? नाही. मी बरोबरच नापास केला. फक्त कारण चुकलं.”

त्यांनी बॉनेट बंद केलं तेव्हा त्यांचा चेहरा दिसला. समाधानी नव्हता, पण शांत होता, जुनं काम एकदाचं निकाली काढल्यासारखा.

सोमवारी मी परागला कँटीनमध्ये गाठलं. तो दुसऱ्या टेबलावर बसला होता. मी केबलचं सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला, पाय निर्दोष सुटल्याचा.

“म्हणजे मी बरोबर चालवली?”

“एकदम बरोबर. आता तू तुझ्या आईला सांग. मी बाबांचं बघते. त्यांनी नाही म्हटलं तरी आपण दोघं करूच शकतो ना.”

“आई फार चिडलीय गं. तिला घाटात चालत नेलं. तिची चप्पल गेली. म्हणते, त्या घराचं नाव काढायचं नाही.”

“मग तू काय म्हणालास?”

त्याने डब्याचं झाकण उघडलं आणि लावलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “वाद नाही घातला.”

मी खाली बघितलं. टेबलाखाली त्याचा डावा पाय अलगद बाजूला ठेवलेला होता. इतकं चांगलं मी आयुष्यात कुणालाच काही शिकवलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्याचं लग्न झालं. त्याने कारखान्यात पेढे वाटले. क्वालिटी माझ्याकडे होती म्हणून पहिला पेढा मला दिला. चांगला होता, वेलची थोडी जास्त. या सगळ्याला आता पंधराएक वर्षं झाली. गाडी केव्हाच भंगारात गेली आणि बाबाही आता चालवत नाहीत, पण मला अजून कुणी विचारलं की तुझं का राहिलं, तर मी पत्रिका म्हणते. ते सोपं पडतं.

मला सांगायचंय ते मात्र घाटातल्या प्रकारानंतरच्या पुढच्याच रविवारचं. प्लेट नवी बसवून आणलेली. बाबांनी सकाळी चहा घेतला, दहाचा पाना घेतला, बॉनेट उघडलं.

“वैजू. पाय दे.”

मी मॅक्सीवरच गेले. आत बसले. पाय पेडलवर ठेवला.

“दाब.”

दाबला.

“सोड.”

मी सोडला, पण सगळा नाही. पायाचं वजन तेवढं पेडलवर राहू दिलं. लोणच्याच्या डब्यावर सगळ्यात आधी परागची मोडलेली सवय होती ती.

“सोडलास?”

“सोडला.”

“केबल ताणलेलीच दिसतेय,” बाबा पलीकडून म्हणाले. “किती मोकळा आहे?”

“शून्य.”

“कसं शक्य आहे?” पाना फिरला. “आता?”

“शून्यच.”

पाना फिरला. पुन्हा फिरला. बाबांचा माणसांच्या बोलण्यावर विश्वास नव्हता, पण माझ्या बोटांवर होता. केबल सैल होत होत पार लोंबायला लागली असेल तेव्हा मी म्हटलं, “दोन बोटं. झालं.”

“बघ,” ते म्हणाले. “आता कशी एकदम बरोबर.”

ते चालवायला बसले. मी गेट उघडून उभी राहिले. समोर जाधवकाकू रांगोळी काढत होत्या. त्यांचा मुलगा गाडी पुसत होता. बाबांनी त्याला हात केला. गाडी सुरू केली. क्लच दाबला, म्हणजे त्यांना वाटलं दाबला, सैल केबलमुळे पेडल नुसतंच खाली गेलं, आणि पहिला टाकला.

गिअरबॉक्स किंचाळला. कोरेगावच्या डॉक्टरपेक्षा मोठ्याने. जाधवकाकूंच्या हातची रांगोळी सांडली. बाबांनी घाईने न्यूट्रल केलं, परत पेडल दाबलं, परत टाकला. परत तेच, आता जास्त वेळ. जाधवांचा मुलगा पुसायचं थांबून बघायला लागला.

बाबांनी इंजिन बंद केलं. दार उघडलं. बाहेर आले नाहीत. तिथेच बसून खाली वाकून बघत राहिले, आधी पेडलकडे, मग स्वतःच्या डाव्या पायाकडे. पाय थोडा उचलला, परत ठेवला, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा.

“वैजू,” ते हळू आवाजात म्हणाले. समोर ऐकू जाणार नाही इतक्या हळू. “माझा पाय पूर्ण गेला होता ना गं?”

मी गेटला टेकून उभी होते.

“कमी पडला असेल, बाबा.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या जाधवांकडे, मग परत खाली.

“असेल,” ते म्हणाले. “माझीच चूक असेल.”

“पोहे करू?” मी विचारलं.